परदेशातले तुरुंग आणि मिशनरी : प्रार्थनेपलीकडे नेमकं काय करतात?

सुरसागरकाठ (बडोदे)

आमच्या वाचकमंडळात पुढच्या बैठकीला 'तुरुंगसुधारणा आणि धर्मसंस्था' असा विषय आहे. माहिती शोधायला बसलं की दोनच प्रकार हाती लागतात. एक, चर्चची पत्रकं : कैदी रडला, गुडघे टेकले, आयुष्य बदललं. दुसरा, 'हे सगळं धर्मांतराचं दुकान' या वाक्याने सुरू होऊन त्याच वाक्यावर संपणारे लेख. मला दोन्ही नकोत. परदेशातल्या तुरुंगांत या लोकांनी प्रत्यक्ष काय बदललं, कसं बदललं आणि गाडं कुठे अडलं, ते हवंय. इंदूर-ग्वाल्हेरकडची पाणीपुरवठा, आरोग्य, कायदा या क्षेत्रांतली मंडळी इथे आहेत, म्हणून हा धागा. लांबलं तरी चालेल. धर्मांतरावर बोलायचं असेल तर तेही तपशिलानेच बोला.

खजुरीबाजार (इंदूर)

सुरुवात जॉन हॉवर्डपासून करा. तो मिशनरी नव्हता, पण कट्टर धार्मिक होता आणि पुढच्या सगळ्यांनी त्याचीच पद्धत उचलली. १७७३ मध्ये तो इंग्लंडातल्या बेडफर्डशायरचा शेरीफ (परगण्याच्या तुरुंगाची जबाबदारी असलेला अधिकारी) झाला आणि इतर शेरीफ जे करत नसत ते त्याने केलं : तुरुंगात स्वतः जाऊन पाहिलं.

तिथे कळलं की तुरुंगाधिकाऱ्याला पगारच नाही. तो कैद्यांकडून फी घेऊन पोट भरतो. म्हणून कोर्टाने निर्दोष सोडलेला माणूसही फी भरेपर्यंत आतच. १७७४ मध्ये ब्रिटिश संसदेने दोन कायदे केले. पहिल्याने सुटलेल्यांची फी बंद करून तो खर्च परगण्यावर टाकला. दुसऱ्याने वर्षातून एकदा भिंतींना चुना, आजाऱ्यांना वेगळी खोली, अंघोळीची सोय आणि खेळती हवा बंधनकारक केली.

खेळत्या हवेचं कलम कुठून आलं, ते मुद्दाम सांगतो. त्या काळी इंग्लंडात खिडक्यांवर कर होता आणि तुरुंगाचा तो कर तुरुंगाधिकाऱ्याच्या खिशातून जाई. मग त्याने काय करावं? खिडक्या विटांनी बुजवल्या. हॉवर्डने हे नोंदवून ठेवलंय. आतल्या घाणीचं मूळ असं बाहेरच्या हिशेबात होतं, आणि हॉवर्ड मोठा का, तर त्याने हिशेब तपासला. कोठडीचं माप, पाण्याची जागा, भाकरीचं वजन, फीचा दर, सगळं वहीत. मिशनरी तुरुंगकार्याची प्रतवारी करायची तर एवढंच बघावं : यांच्याकडे वही आहे का?

लष्करवाली (ग्वाल्हेर)

खजुरीबाजार काका, वहीचा मुद्दा सोळा आणे खरा. पण एकट्याने पाहणी करून निघून जाणं वेगळं आणि दर आठवड्याला परत येणं वेगळं. ते एलिझाबेथ फ्रायने केलं. क्वेकर या ख्रिस्ती पंथाची, १८१३ मध्ये पहिल्यांदा लंडनच्या न्यूगेट तुरुंगात गेली. बायकांच्या भागात मुलाबाळांसकट सुमारे तीनशे जणी कोंबलेल्या. खरं काम १८१७ मध्ये सुरू झालं, आणि त्याचा क्रम पाहण्यासारखा आहे.

आधी मुलांची शाळा, कारण ती मागणी आयांना पटणारी होती. शिकवायला कैद्यांतलीच एक बाई निवडली. शाळा टिकली, मग मोठ्या बायकांनी शिवणकाम मागितलं. मग नियम. ते वाचून दाखवायचे आणि एकेका नियमावर बायकांनी हात वर करून संमती द्यायची. छोटे गट, प्रत्येक गटावर त्यांच्यातलीच एक देखरेखीला. सगळ्यांवर पगारी मेट्रन. शिवलेल्या कपड्यांची विक्री तुरुंगाबाहेर, म्हणजे हातात थोडा पैसा. १८२३ च्या तुरुंग कायद्यात स्त्री कैद्यांवर स्त्री पहारेकरीच असावी हे आलं, त्यामागे हे काम होतं.

दुसरा तपशील मला फार आवडतो. ऑस्ट्रेलियाला काळ्या पाण्यावर पाठवल्या जाणाऱ्या बायकांना तिची समिती एक पिशवी देई. त्यात बायबल असेच, पण सुया, दोरा, कात्री आणि दोन पौंड कापडाचे तुकडेही असत. महिनोन्‌महिन्यांच्या प्रवासात त्यातून गोधडी शिवायची आणि उतरल्यावर विकायची. १८४१ मध्ये 'राजा' नावाच्या जहाजावर शिवलेली गोधडी आजही ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनात आहे. (अवांतर : जहाजाचं नाव वाचून आपल्या ग्वाल्हेरकरांची कॉलर ताठ व्हायला हरकत नाही.)

तिरकस_तानसेन (ग्वाल्हेर)

आरती चालूच आहे तर मध्ये थोडा बेसूर लावतो. याच क्वेकरांच्या भल्या हेतूने जगाला एकांतकोठडी दिली.

फिलाडेल्फियात त्यांच्या पुढाकाराने विचार रुजला की गुन्हेगार एकटा, शांत बसला की पश्चात्ताप करील. १८२९ मध्ये ईस्टर्न स्टेट पेनिटेन्शियरी सुरू झाली. प्रत्येकाला स्वतंत्र कोठडी, मागे स्वतःचं चिमुकलं अंगण, छताला उजेडाचा झरोका, कोठडीतच शौचकूप. बांधकाम म्हणून त्या काळात अव्वल. पण जेवण भिंतीतल्या खिडकीतून. कोठडीबाहेर न्यायचं तर डोक्यावर बुरखा, म्हणजे कोणी कोणाला ओळखू नये. बोलणं बंद. वाचायला बायबल. माणसं वेडी होऊ लागली. १८४२ मध्ये इंग्रज कादंबरीकार डिकन्सने तो तुरुंग पाहून जाहीर टीका केली. तरी युरोपातल्या कित्येक देशांनी नमुना उचलला.

आजचे मंडेला नियम (कैद्यांना कसं वागवावं याचे किमान नियम, संयुक्त राष्ट्रांची आमसभा, २०१५) सांगतात की दिवसाचे २२ तास किंवा जास्त माणसाच्या सहवासाविना ठेवणं म्हणजे एकांतवास, आणि सलग १५ दिवसांच्या पुढे तो निषिद्ध. म्हणजे मिशनऱ्यांनी दिलेलं औषध उतरवायला जगाला दोनशे वर्षं लागताहेत. वही त्यांच्याकडेही होती हो, काका. कैद्याला विचारायचं राहून गेलं होतं.

खजुरीबाजार (इंदूर)

मान्य. फ्रायने हात वर करायला लावले, फिलाडेल्फियाने तोंड बंद केलं. पंथ एकच.

पाणीवाला_भिया (इंदूर)

इतिहास झाला, आता नळाकडे या. आफ्रिकेत चर्चच्या पैशातून तुरुंगात होणारं सगळ्यात नेहमीचं बांधकाम म्हणजे बोअर, टाकी आणि संडास. यातलं पुष्कळसं वर्षाच्या आत बंद पडतं. कारणं ठरलेली आहेत, म्हणून हिशेबच मांडतो.

६०० कैद्यांचा तुरुंग धरा. आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस माणशी रोज किमान १० ते १५ लिटर धरते. १५ ने ९,००० लिटर. पंप बिघडला तर दोन दिवस निघावेत म्हणून साठा १८,००० चा, म्हणजे ५,००० च्या चार टाक्या. इथपर्यंत सगळे बरोबर करतात. चुकतं पुढे.

बहुतेक तुरुंगांत दुपारी चारच्या सुमारास कोंडतात ते थेट सकाळी उघडतात. नळ अंगणात असला तर १४-१५ तास त्याचा उपयोग शून्य. बराकीच्या आत निदान माणशी दोन लिटर पिण्याचं पाणी आणि एक नळ हवाच. दारं उघडली की झुंबड. दिवसाचं अर्धं पाणी पहिल्या तासात जातं, म्हणजे ४,५०० लिटर. मिनिटाला दहा लिटर देणारा नळ तासाला ६०० देतो. म्हणजे आठ नळ लागतात. दान देणाऱ्याने फोटोपुरते दोन बसवलेले असतात. मग रांग, मग मारामारी, मग नळावर दादाचा कब्जा, मग पाणी विकणं सुरू.

नळ दाबाचा घेऊ नका, त्याची स्प्रिंग महिन्याभरात जाते. पाव फेऱ्याचा बॉल व्हॉल्व्ह, पितळी, भिंतीत पक्का गाडलेला. पाइप जीआयचा (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचा) आणि मुख्य व्हॉल्व्ह पहारेकऱ्याच्या बाजूला, म्हणजे एक नळ फुटला तर तो बंद करून टाकीतलं पाणी वाचवता येतं. टाकीचा मनोरा बाहेरच्या भिंतीपासून लांब किंवा सरळ भिंतीबाहेर. भिंतीलगतचा मनोरा म्हणजे पळायची शिडी. जेलर तो पाडायला लावतो, आणि त्याचं बरोबरच असतं.

आता संडास. रेडक्रॉसचं माप २५ माणसांना एक, म्हणजे २४. सेप्टिक टाकीचा हिशेब असा : रोजचं मैलापाणी माणशी १५ लिटर धरलं आणि ते एक दिवस टाकीत थांबायचं, तर ९ घनमीटर. गाळ माणशी वर्षाला ४० लिटर धरा, वर्षाचा २४ घनमीटर. दोन वर्षांनी उपसायची तर ९ अधिक ४८, म्हणजे ५७. प्रत्यक्षात १५ घनमीटरची बांधून मोकळे होतात. गाळाला उरले ६, ते तीन महिन्यांत भरतात आणि चौथ्या महिन्यात मैला अंगणात. मग 'कैद्यांना वापरायची अक्कल नाही' असा अहवाल जातो.

एक बारीक गोष्ट जी नकाशावर कोणीच बघत नाही : टाकीचं झाकण. ते आतल्या अंगणात असलं तर उपसणारा टँकर आत घ्यायला तुरुंगाधिकारी तयार नसतो आणि बाहेरून त्याचा पाइप पोचत नाही. झाकण भिंतीबाहेर, रस्त्याच्या बाजूला ठेवा. शिवाय तिकडे बऱ्याच ठिकाणी शौचाला पाणी वापरत नाहीत. कागद, चिंध्या, मक्याची कणसं जातात. आपला यू-ट्रॅपचा बारीक गळ्याचा भारतीय संडास तिथे आठवड्यात तुंबतो. सरळ घसरणीचा, रुंद तोंडाचा हवा.

पाणी शुद्ध करायचं तर आपलं टीसीएलच, म्हणजे ब्लीचिंग पावडर. ५,००० लिटर टाकीला लिटरमागे २ मिलिग्रॅम क्लोरीन द्यायचं तर १० ग्रॅम क्लोरीन लागतं. ताजी पावडर ३३ टक्क्यांची असते, म्हणजे ३० ग्रॅम. उन्हात, ओलीत पडलेली पावडर २० टक्क्यांवर आली असेल तर ५० ग्रॅम. आधी बादलीत कालवून, निवळून वरचं पाणी टाकीत. अर्धा तास थांबा आणि ओटी टेस्ट (पाण्याच्या रंगावरून शिल्लक क्लोरीन मोजण्याची चाचणी) करा. शिल्लक क्लोरीन ०.२ ते ०.५ मिळालं पाहिजे. पाणी गढूळ असलं तर क्लोरीन गाळातच संपतं, आधी गाळून घ्या. हे काम दोन कैद्यांना शिकवून, वही देऊन सोपवायचं. पाद्री दर रविवारी येतो, टाकी रोज रिकामी होते.

लष्करवाली (ग्वाल्हेर)

भिया, झाकणाची गोष्ट डोक्यातच आली नसती. वाखुसा (वाचनखूण साठवली).

रामबाग_दवाखाना (इंदूर)

पाण्यापाठोपाठ खरूज. गर्दीच्या तुरुंगात खरजेइतकी सार्वत्रिक तक्रार नाही, आणि मिशनऱ्यांच्या वैद्यकीय शिबिरात तिचाच सगळ्यात जास्त पैसा फुकट जातो. कारण ते रांगेत येईल त्याला मलम देतात.

पद्धत अशी : एका बराकीतल्या सगळ्यांना एकाच दिवशी. खाज असो नसो. परमेथ्रिन ५ टक्के मानेपासून तळपायापर्यंत, बोटांच्या बेचक्या, नखांखाली, जांघेत. ८ ते १२ तास ठेवून धुवायचं, आठवड्याने पुन्हा. मोठ्या माणसाला एका वेळी साधारण ३० ग्रॅमची एक ट्यूब, म्हणजे ६०० जणांना दोन फेऱ्यांत १,२०० ट्यूबा. हे परवडत नाही तेव्हा आयव्हरमेक्टिन गोळ्या, किलोमागे २०० मायक्रोग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला १२ मिलिग्रॅम, एक-दोन आठवड्यांनी दुसरा डोस. गरोदर बायका आणि १५ किलोखालची मुलं वगळायची. कॅमेरून, काँगो या पट्ट्यात लोआ लोआ नावाचा जंत असतो. तो अंगात भरपूर असलेल्या माणसाला ही गोळी मेंदूपर्यंत त्रास देऊ शकते. तिथे स्थानिक आरोग्य खात्याला विचारल्याशिवाय वाटू नये.

त्याच दिवशी कपडे, घोंगड्या उकळायच्या. इंधन नसेल तर प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून तीन दिवस ठेवायच्या. किडा माणसाबाहेर तेवढा टिकत नाही. याचा अर्थ तीन दिवस अंगावर घालायला दुसरा जोड हवा, आणि शिबिराच्या अंदाजपत्रकात तो कधीच नसतो. नवा कैदी आत येताना त्याला दारातच उपचार, नाहीतर महिन्यात पहिले पाढे पंचावन्न. आणि हे आधीच सांगून ठेवा की किडा मेल्यावरही खाज दोन ते चार आठवडे राहते. नाहीतर 'गोऱ्यांचं औषध लागू पडलं नाही' म्हणून दुसरी फेरी कोणी घेत नाही.

आता आहार. मलावीत मक्याच्या पिठाचा न्सिमा आणि सोबत घेवडा किंवा तूर. हो, आपली तूर. अनेक तुरुंगांत हे दिवसातून एकदाच. डाळ संपली आणि नुसता मका राहिला की पेलाग्रा : उन्हात उघड्या राहणाऱ्या कातडीवर, गळ्याभोवती, हातांवर काळपट चट्टे, मग जुलाब, मग भ्रम. उपचार निकोटिनामाइड रोज ३०० मिलिग्रॅम, विभागून, तीन-चार आठवडे, सोबत बी-कॉम्प्लेक्स. पण गोळ्या संपल्या की परत. टिकाऊ उपाय म्हणजे मूठभर शेंगदाणे आणि डाळ.

पांढऱ्या तांदळावरचे तुरुंग असतील तर बेरीबेरी, म्हणजे थायमिन (ब-१ जीवनसत्त्व) कमी पडल्याचा आजार. याचा पुरावाच तुरुंगांतून आला. जावा बेटावर १८९० च्या दशकात अडॉल्फ फोर्डरमन या डच अधिकाऱ्याने १०१ तुरुंगांचा तांदूळ तपासला. पॉलिश केलेला पांढरा तांदूळ जिथे, तिथे बेरीबेरी कितीतरी पट जास्त. म्हणून दान म्हणून तांदूळ पाठवायचा तर उकडा पाठवावा, त्यात थायमिन टिकून राहतं. आणि स्वयंपाक्याला सांगावं की चार-चार वेळा धुऊन, वरची पेज ओतून देऊ नको. पाय सुजलेला कैदी दिसला की 'मूत्रपिंडाचा असेल' म्हणून सोडू नये.

क्षयाचं थोडक्यात : दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असला की थुंकी तपासणी, आणि आत येतानाच तपासणी. उपचार सहा महिने. खरी गळती बदली आणि सुटका या दोन दिवशी होते, कारण कैदी जातो आणि कार्ड दवाखान्यात राहतं. दर आठवड्याला येणाऱ्या स्वयंसेवकाचा इथे डॉक्टरपेक्षा जास्त उपयोग आहे. त्याने सुटणाऱ्यांची यादी आधी मिळवायची, कार्डाची प्रत माणसाच्या हातात द्यायची आणि त्याच्या गावच्या केंद्राला कळवायचं.

पाणीवाला_भिया (इंदूर)

डॉक्टरसाहेब, खिडक्यांचं सांगा ना. डासांसाठी जाळी बसवा म्हणतात आणि क्षयासाठी हवा खेळू द्या म्हणतात.

रामबाग_दवाखाना (इंदूर)

जाळीने हवा बरीच अडते. म्हणून जाळी बसवायची तर खिडकी आधी मोठी करायची, खुला भाग जमिनीच्या क्षेत्रफळाच्या निदान दहाव्या हिश्शाइतका, आणि समोरासमोर दोन बाजूंना. एकाच बाजूच्या खिडकीने हवा आरपार जात नाही. मच्छरदाण्यांना तुरुंगाधिकारी सहसा नकार देतो, कारण त्यांचे दोर वळता येतात. मग जाळी आणि भिंतीवर फवारणी हाच मार्ग.

मांडवीतला_वकील (बडोदे)

वरचं सगळं ठीक, पण ६०० च्या तुरुंगात १,२०० माणसं असतील तर टाकी कितीही मोठी बांधा. रवांडात १९९५ साली गीतारामाच्या तुरुंगात काहीशेंच्या जागेत सुमारे ७,००० माणसं होती. ओल्या जमिनीवर दिवसरात्र उभं राहून पाय सडत होते. तिथे मलम काय करणार? गर्दी कमी करण्याचा स्वस्त उपाय म्हणजे कागद.

अनेक देशांत निम्म्याहून जास्त कैदी कच्चे, म्हणजे खटल्याचा निकाल न लागलेले असतात. स्वयंसेवकाने बायबलच्या पिशवीत एक रजिस्टर न्यावं. रकाने : नाव, बापाचं नाव, आत आल्याची तारीख, वॉरंटचा क्रमांक, कलम, कोर्ट, मागची तारीख, पुढची तारीख, जामीन मिळालाय का, रक्कम किती. मग तीन ढीग वेगळे करायचे. एक, वॉरंटची मुदत संपलेले. दोन, जामीन मंजूर पण भरायला पैसे नाहीत. तीन, गुन्ह्याची कमाल शिक्षा जेवढी, तेवढा काळ आधीच आत काढलेले. एका पानाची यादी, तिन्ही ढीग वेगळे, मॅजिस्ट्रेटला. पन्नास पानी निवेदन वाचायला कोणाला वेळ नसतो. मलावीत २००० पासून निमवकील (पॅरालीगल) तुरुंगात बसून हेच करतात आणि मॅजिस्ट्रेट तुरुंगातच येऊन कोर्ट भरवतो. ती योजना चर्चची नव्हे, पण चर्चच्या गटांनी उचलावी अशी आहे. आपल्याकडचा समांतर धागा : नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७९, पहिल्यांदाच गुन्हा असलेल्या कच्च्या कैद्याला कमाल शिक्षेच्या एक तृतीयांशावर जामीन. मृत्युदंड-जन्मठेपेचे गुन्हे आणि एकाहून जास्त खटले असलेले त्यात येत नाहीत.

दंड भरून सोडवणं हा मिशनऱ्यांचा जुना आवडता प्रकार. सावधपणे करावा. एकाच संस्थेने सरसकट दंड भरायला घेतला की पोलिसांना कळतं, पैसे देणारं गिऱ्हाईक आहे, आणि क्षुल्लक अटका वाढतात. सहा महिन्यांतून एकदा, आधी न सांगता, यादीतले जुने आधी, आणि पैसे फक्त कोर्टाच्या पावतीवर.

खजुरीबाजार (इंदूर)

वकीलसाहेबांच्या कागदाला इतिहासातली जोड. दक्षिण अमेरिकेतल्या फ्रेंच गयानात फ्रान्सची कैद्यांची वसाहत होती, तिथे नियमच असा होता की आठ वर्षांपेक्षा कमी शिक्षा असेल तर शिक्षा संपल्यावर तेवढीच वर्षं तिथेच राहायचं, आणि आठ किंवा जास्त असेल तर जन्मभर. सुटलेल्याला काम मिळेना, कारण मालकांना फुकटातले कैदी मजूर मिळत. साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती सेवासंस्थेचा चार्ल्स पेआँ १९२८ मध्ये पाहणी करून आला, १९३३ मध्ये माणसं घेऊन परत गेला. लक्ष सुटलेल्यांवर : निवारा, काम, परतीचं तिकीट. सोबत फ्रान्समध्ये सतत लिखाण, भाषणं. १९३८ मध्ये तिकडे कैदी पाठवणं बंद झालं, १९५३ मध्ये शेवटची माणसं परतली.

जपानात डॉ. जॉन बेरी या अमेरिकन वैद्यकीय मिशनऱ्याने तुरुंग हिंडून १८७६ मध्ये सरकारलाच अहवाल दिला. तीच वही.

सुरसागरकाठ (बडोदे)

मंडळी, खजिना आहे. ब्राझीलच्या 'अपाक' तुरुंगांबद्दल कोणी सांगेल का? किल्ल्या कैद्यांकडे असतात म्हणे, हे खरं?

लष्करवाली (ग्वाल्हेर)

खरं. १९७२ मध्ये साओ पाउलो राज्यात साओ जोझे दोस काम्पोस इथे मारिओ ओतोबोनी या कॅथलिक वकिलाच्या गटाने सुरू केलं. पुढे मिनास जेराइस राज्यात, विशेषतः इताऊनाला, ते चांगलं रुजलं. सशस्त्र पहारा नाही, दारांच्या किल्ल्या कैद्यांच्या हाती. गणवेश नाही, नंबर नाही, नावाने हाक. तीन टप्पे : बंद, अर्धखुला, खुला. बंद टप्प्यात हस्तकला, अर्धखुल्यात धंद्याचं शिक्षण, खुल्यात बाहेर काम. स्वयंपाक, सफाई, शिस्त सगळं कैद्यांच्या मंडळाकडे. ज्यांना घरचं कोणी नाही त्यांना एकेक स्वयंसेवक जोडपं दत्तक आईबापासारखं लावून देतात. आणि कैदी शक्यतो त्याच्या घराजवळच्याच केंद्रात. खर्च सरकारी तुरुंगाच्या तुलनेत बराच कमी पडतो, कारण पहारा आणि स्वयंपाकाचे पगार नाहीत.

तिरकस_तानसेन (ग्वाल्हेर)

आणि प्रार्थना सक्तीची नाही का, ताई? शिवाय तिथे जायला अर्ज करावा लागतो, न्यायाधीशाची परवानगी लागते. सुधारायला आधीच तयार असलेली माणसं वेचून घेतली तर आकडे चांगले येणारच.

याचा उघडा पुरावा अमेरिकेत आहे. चार्ल्स कोल्सन, राष्ट्राध्यक्ष निक्सनच्या वॉटरगेट प्रकरणात तुरुंगात जाऊन आलेला, त्याने १९७६ मध्ये प्रिझन फेलोशिप काढली. तिचा एक पूर्ण ख्रिस्ती कार्यक्रम १९९७ पासून टेक्सासच्या तुरुंगात. २००३ चा अभ्यास गाजला : कार्यक्रम पूर्ण केलेल्यांपैकी फक्त ८ टक्के दोन वर्षांत परत तुरुंगात, तुलनेच्या गटात २०.३ टक्के. टाळ्या. पण सुरुवातीचे होते १७७, 'पूर्ण केलेले' ७५. आणि पूर्ण केल्याची व्याख्या काय? आत १६ महिने, बाहेर ६ महिने आणि तीन महिने नोकरी टिकवलेली. नोकरी टिकवणारा परत तुरुंगात कमी जातो, हे कळायला अभ्यास कशाला? सगळे १७७ धरले तर २४.३ टक्के, म्हणजे तुलनेच्या गटापेक्षा जास्तच.

आयोवात हाच कार्यक्रम सरकारी पैशावर चालला. २००६ मध्ये संघीय कोर्टाने तो घटनाबाह्य ठरवला, अपिलात २००७ मध्ये तो निर्णय बराचसा कायम राहिला. कार्यक्रमातल्यांना राहायची जागाही इतरांपेक्षा बरी, आडोसा जास्त. म्हणजे येशू हवा की संडासाला दार हवं, हे कैद्याने एकाच अर्जात ठरवायचं.

लष्करवाली (ग्वाल्हेर)

अपाकमध्ये अध्यात्म हा ठरलेला भाग आहे, हे खरं. निवडीचा मुद्दाही बिनतोड. तरी किल्ल्यांची गोष्ट आकड्यांवर अवलंबून नाही. कैद्यांच्या हाती किल्ल्या देऊन तुरुंग चालतो, हे तिथे रोज दिसतंय. ते बायबलशिवाय चालेल का, हा पुढचा प्रश्न. आपल्याकडच्या खुल्या कारागृहांकडे पाहिलं तर मला वाटतं चालेल.

मांडवीतला_वकील (बडोदे)

धर्माबाबत मंडेला नियम ६५ वाचा. धर्मगुरूला भेटणं कोणाला नाकारायचं नाही, आणि कैद्याने भेट नको म्हटलं तर त्याच्या मताचा पूर्ण मान ठेवायचा. कागदावर पुरेसं आहे. प्रत्यक्षात कसोटी एकच : साबण प्रार्थनेच्या आधी मिळतो की नंतर?

रामबाग_दवाखाना (इंदूर)

चांगल्या संस्था वाटप आणि प्रार्थना वेगळ्या दिवशीच ठेवतात. वाटपाचेही नियम आहेत. मदतकार्यातलं प्रचलित माप महिन्याला माणशी २५० ग्रॅम अंगाचा आणि २०० ग्रॅम कपड्यांचा साबण. महिन्याचा एकदम दिला तर दुसऱ्या दिवशी बराकीच्या दादाकडे गोळा होतो, कारण तुरुंगात साबण म्हणजे नाणं. आठवड्याचा तुकडा कापून, कापलेला तुकडा विकायला जड जातो. प्रत्येकाच्या हातात, यादीवर अंगठा घेऊन. दादामार्फत कधीच नाही. बायकांच्या विभागात पॅड किंवा कापड, आणि सोबत ते धुवायला, वाळवायला आडोशाची जागा. पॅड देतात, दोरी विसरतात.

निरोप, चिठ्ठ्या, फोन, रोख रक्कम आतबाहेर न्यायची नाही, एकदाही नाही. एका चिठ्ठीपायी सगळ्या गटाचा परवाना जातो आणि क्षयाची औषधं बंद पडतात. फोटो नाहीत. गुन्हा विचारायचा नाही.

सुरसागरकाठ (बडोदे)

मंडळातल्या काहींचे नातेवाईक पूर्व आफ्रिकेत आहेत. बैठकीनंतर कोणी म्हणालं की एखाद्या तुरुंगाच्या टाकीला पैसे पाठवू, तर इथून पाठवता येतात का?

दांडियाबाजार_सीए (बडोदे)

व्यक्ती म्हणून पाठवता येतात. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत योजनेत आर्थिक वर्षाला अडीच लाख डॉलरच्या मर्यादेत परदेशी देणगी बसते. बँकेत ए-२ फॉर्म, पॅन, कारण 'देणगी' असंच लिहा. देणगीवरची आयकर सूट परदेशी संस्थेला दिलेल्या देणगीवर मिळत नाही. मंडळ नोंदणीकृत न्यास असेल तर न्यासाच्या खात्यातून पाठवू नका. भारताबाहेर केलेला खर्च प्रत्यक्ष कर मंडळाच्या मंजुरीशिवाय धर्मादाय म्हणून धरला जात नाही आणि करमाफी अडचणीत येते. सभासदांनी आपापल्या खात्यातून पाठवावं.

आणि एकरकमी देऊ नका. तीन हप्ते : खोदाई आणि पाण्याची तपासणी झाल्यावर, टाक्या-नळ बसल्यावर, आणि शेवटचा चाचणी पूर्ण झाल्यावर सहा महिन्यांनी.

पाणीवाला_भिया (इंदूर)

शेवटच्या हप्त्याची अट लिहून घ्या : आठही नळ चालू, शिल्लक क्लोरीनची वही भरलेली, आणि सेप्टिकचं झाकण भिंतीबाहेर असल्याचं दाखवणारा मोजमापाचा नकाशा. पंपाचे सील, बेअरिंग, दोन जादा बॉल व्हॉल्व्ह आणि एक पाना तिथेच कुलपात ठेवायचा खर्च पहिल्या हप्त्यात धरा. कुलपाची किल्ली मात्र गावातल्या पाद्रीकडे नको, तो बदलून जातो. तुरुंगाच्या भांडारपालाकडे, नोंद करून.

सुरसागरकाठ (बडोदे)

नोंदवलं. कोणाकडे इताऊनाच्या केंद्राचा दिनक्रम किंवा तिथल्या कैदीमंडळाची नियमावली असेल तर याच धाग्यावर द्या. बैठक रविवारी आहे.